अमिल नायट्राइट व एड्सची कारणमीमांसा

अमिल नायट्राइट हा पिवळसर, बाष्पनशील द्रव असून त्याची वाफ हुंगल्यास रक्तवाहिन्या विस्फारतात व रक्तदाब काही क्षण उतरतो. आंत्वान झेरोम बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तो १८४४ मध्ये तयार केला. टॉमस लॉडर ब्रंटन या स्कॉटिश वैद्यांनी १८६७ मध्ये त्याचा हृद्‌शूलावरील उपयोग प्रसिद्ध केला. काचेची कुपी फोडताना होणाऱ्या आवाजावरून त्यास ‘पॉपर’ हे नाव पडले.

अमेरिकेत १९६० मध्ये हे औषध वैद्याच्या चिठ्ठीविना मिळू लागले. क्षणिक धुंदी व स्नायूंची शिथिलता यांमुळे समलिंगी पुरुषांत संभोगसमयी ते हुंगण्याची प्रथा पडली. त्या दशकाच्या अखेरीस चिठ्ठीची अट पुन्हा आली; तेव्हा ब्यूटिल नायट्राइटासारखी संयुगे खोली सुगंधित करणारी द्रव्ये म्हणून विकली जाऊ लागली.

लॉस अँजेल्समधील पाच समलिंगी पुरुषांना झालेल्या दुर्मिळ न्यूमोनियाचा वृत्तांत ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाला. हे पाचही जण हुंगण्याची मादक द्रव्ये वापरीत. त्यावरून नायट्राइटांमुळेच रोगप्रतिकारक्षमता खालावते, असा तर्क पुढे आला. तथापि ५० रुग्ण व १२० निरोगी समलिंगी पुरुष यांच्या तुलनेत (१९८३) रोगाचा सर्वांत दृढ संबंध लैंगिक जोडीदारांच्या संख्येशी आढळला. हे लक्षण संसर्गाचे होते. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाझ बारे-सिनूसी, ल्यूक माँतान्ये व त्यांचे सहकारी यांनी एड्सचा विषाणू वेगळा केला.

अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर ड्यूसबर्ग यांनी १९८७ पासून हा विषाणू निरुपद्रवी ठरविला व पुढे रोगाचा दोष मादक द्रव्यांना दिला. व्हँकूव्हर येथील ७१५ समलिंगी पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीने (१९९३) या मताचे खंडन केले. एड्स झालेले सर्व १३६ जण विषाणुबाधित होते; विषाणुमुक्त ३५० जणांपैकी अनेकजण ही द्रव्ये वापरीत असूनही त्यांपैकी एकासही एड्स झाला नाही. तरीही दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी २००० मध्ये विषाणुविरोधी मताच्या शास्त्रज्ञांना सल्लागार मंडळात स्थान दिले. औषधोपचारास झालेल्या विलंबामुळे तेथे २०००–०५ या काळात ३,३०,००० हून अधिक माणसे दगावली, असा एक अंदाज आहे.

नायट्राइटे निर्धोक मात्र नाहीत. सिल्डेनाफिलासोबत घेतल्यास रक्तदाब प्राणघातक प्रमाणात घसरू शकतो. तसेच धुंदीत सावधगिरी सुटून संसर्गाची शक्यता वाढते. मेथॅम्फेटामिनासारख्या उत्तेजकांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. म्हणजे ही द्रव्ये संसर्गास वाट करून देतात; एड्सचे कारण विषाणूच होय. हा भेद स्पष्ट झाल्यामुळेच निरोध, २०१२ पासून अमेरिकेत मान्य झालेले प्रतिबंधक औषध व बाधितांवरील नियमित उपचार यांवर भर देणे शक्य झाले.