वारशाचे घर व घटस्फोट (गोवा)

वारशाने मिळालेल्या घराची घटस्फोटानंतरची वाटणी गोव्यात उर्वरित भारताहून वेगळ्या नियमाने होते. महाराष्ट्रातल्या सावंतवाडीच्या हिंदू जोडप्याचा घटस्फोट झाला, तर नवऱ्याला वडिलांकडून आलेले घर नवऱ्याचेच राहते. हिंदू विवाह कायद्याचे (१९५५) कलम २७ लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक मालमत्तेपुरतेच बोलते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने (२००५) बायकोला सासरच्या घरात राहण्याचा हक्क मिळतो, मालकी नव्हे. सीमेपलीकडे गोव्यात, पेडण्यातल्या गोमंतकीय जोडप्याने विवाहपूर्व करार केलेला नसेल, तर तशाच घरात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो.

हा नियम १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला. ती गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतर १९६२ च्या केंद्रीय कायद्याने कायम राहिली. गंमत अशी, की खुद्द पोर्तुगालने १९६६ च्या नव्या संहितेत, करार नसताना लागू होणाऱ्या सामाईकीतून (नवरा-बायकोच्या सामाईक मालकीतून) वारशाची मिळकत वगळली. गोव्यात जुनाच नियम उरला.

वेगळी व्यवस्था हवी असल्यास लग्नाआधी नोटरीपुढे करार करावा लागतो. लग्नानंतर तो बदलता येत नाही. मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने घर देणाऱ्याने ‘हे सामाईकीत जाऊ नये’ अशी अट घातली असेल, तर ते बाहेर राहते. अनेक आईबापांना ही सोय ठाऊकच नसते.

वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या न्यायालयीन प्रक्रियेतून होते. मालमत्तेची यादी व मूल्यांकन होते; एकमत न झाल्यास पक्षकारांतच बोली लागते. जास्त बोली करणारा घर ठेवतो आणि दुसऱ्याचा हिस्सा रोख चुकता करतो. जुन्या घरांत गुंता वाढतो, कारण भावंडांची वाटणी झालेली नसते. आईबाप वारल्यावर चार भावंडांचा प्रत्येकी पाव हिस्सा धरला, तर घटस्फोट घेणाऱ्या भावंडाच्या जोडीदाराचा हिस्सा एक-अष्टमांश ठरतो. म्हणूनच वडिलोपार्जित घर विकताना खरेदीखतावर सुना-जावयांच्याही सह्या लागतात.

स्त्रियांना न्याय देणारा म्हणून या नियमाची वाखाणणी होते, ती अर्धीच खरी आहे. मुलीला माहेरून आलेल्या घरातही नवरा निम्म्याचा धनी होतो. शिवाय संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे सोपवला. घर विकायला मात्र दोघांची संमती लागते.

नुसते वेगळे राहिल्याने सामाईकी संपत नाही. त्यासाठी घटस्फोटाचा किंवा कायदेशीर विभक्ततेचा हुकूम लागतो. त्यामुळे वर्षानुवर्षे वेगळ्या राहणाऱ्या जोडप्यापैकी एकाचे वडील मधल्या काळात वारले, तर त्यांच्याकडून आलेल्या घराचा निम्मा हिस्साही दुसऱ्याकडे जातो.