चरातल्या तारा : मेन्लो पार्क, १८८०

एडिसनचा दिवा सगळ्यांना ठाऊक असतो. त्या दिव्यापर्यंत वीज नेणाऱ्या तारांची चौकशी क्वचितच होते. न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कमध्ये १८८० साली डायनॅमोपासून शेतातल्या खांबांपर्यंत आणि आसपासच्या घरांपर्यंत तारा जमिनीखालून नेल्या होत्या. पुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यांखाली जे करायचे होते, त्याची ही रंगीत तालीम.

या कामाचा सर्वांत सविस्तर आधार म्हणजे त्यात राबलेल्या विल्सन हॉवेल यांचे निवेदन. डायर आणि मार्टिन यांच्या १९१० सालच्या एडिसनचरित्रात ते छापले आहे, म्हणजे घटनेनंतर तब्बल तीस वर्षांनी. शिवाय डायर हे एडिसनचे वकील. चरित्र गौरवाकडे झुकणार, हे धरूनच ते वाचायला हवे. अशा निवेदनाला मी एक कसोटी लावतो : हातांनी केलेले काम माणसाच्या आठवणीत पक्के राहते, तारखा आणि संवाद मात्र सांगता सांगता बदलतात.

पहिला प्रयत्न साधा होता. लाकडी पन्हाळीत तार ठेवायची, वर कोलटार ओतायचे आणि चर बुजवायचा. तो फसला, वीज ओल्या मातीत झिरपू लागली. अशी गळती मोजण्याची रीत तारायंत्रवाल्यांना आधीपासून माहीत होती. तारेचे दूरचे टोक मोकळे ठेवायचे, जवळच्या टोकाशी बॅटरी आणि गॅल्व्हनोमीटर जोडून दुसरी बाजू जमिनीत द्यायची. आवरण धड असेल तर काटा जेमतेम हलतो, गळती असेल तर सरकून तिथेच थांबतो. यात एक खाच आहे. हातभर तुकड्यातली गळती नगण्य दिसते, पण तार जितकी लांब तितक्या गळतीच्या वाटा वाढतात आणि सगळ्यांची बेरीज होते. टेबलावर उत्तम ठरलेले आवरण चरात नापास होते ते यामुळे.

समुद्री तारांवर चढवतात ते गटापर्चा, म्हणजे झाडाच्या चिकाचे आवरण, वापरता आले नसते का? ते महाग होते, आणि उष्णतेने मऊ पडते. तारायंत्राचा प्रवाह अगदी क्षीण, आणि भोवती थंड पाणी. दिव्यांच्या प्रवाहाने तार तापते.

हॉवेल सांगतात, की एडिसनने त्यांना ग्रंथालयात बसवून आवरणांविषयी मिळेल ते वाचायला लावले. दोनेक आठवडे वाचून झाल्यावर प्रयोगशाळेत नाना पदार्थ उकळून पाहणे सुरू झाले. त्यातून उतरलेली कृती अशी : त्रिनिदादचे शुद्ध केलेले डांबर, त्यात उकळलेले जवसाचे तेल, थोडे पॅराफिन आणि थोडे मधमाशीचे मेण. मग कढईखाली चूल पेटली. मलमलीच्या पट्ट्या या गरम मिश्रणात बुडवायच्या आणि जखमेला पट्टी बांधावी तशा तारेवर थरावर थर गुंडाळायच्या.

हा भाग मी जवळजवळ पूर्ण खरा मानतो. कृतीतल्या प्रत्येक जिनसाला काम आहे. नुसते डांबर थंडीत कडक होऊन तडकते. तेलाने त्याला लवचीकपणा येतो, मेण पाण्याला अडवते.

तारा तयार झाल्याच्या तारखेचे तसे नाही. हॉवेल म्हणतात, की अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या रात्री उमेदवार गारफिल्ड जिंकल्याचे कळले तरच दिवे लावा, असे एडिसनने सांगितले होते. त्यातले शब्द मी आधार म्हणून वापरणार नाही. रात्र मात्र वापरतो, कारण ती सार्वजनिक घटनेला बांधलेली आहे : मतदान २ नोव्हेंबर १८८० ला झाले आणि गारफिल्ड निवडून आले. पुढची मर्यादाही पक्की आहे. २० डिसेंबरला न्यूयॉर्कचे नगरसेवक हेच दिवे पाहायला मेन्लो पार्कला आले. तोवर नव्या आवरणाच्या तारा जमिनीत टिकून होत्या, एवढे निर्धास्त म्हणता येते.

न्यूयॉर्कचे रस्ते खणण्याची परवानगी एप्रिल १८८१ मध्ये मिळाली आणि ४ सप्टेंबर १८८२ ला तिथले पर्ल स्ट्रीटचे वीजकेंद्र सुरू झाले. तिथे लाकडी पन्हाळी गेली, तिच्या जागी सुमारे वीस फुटी लोखंडी नळ्या आल्या. या नळ्यांचे तुकडे आजही अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. कापलेल्या तोंडाशी पाहिले, की अर्धगोल तांब्याच्या दोन कांबी दिसतात, सपाट बाजू समोरासमोर ठेवलेल्या, आणि त्यांच्या भोवतीची पोकळी त्याच जातीच्या काळ्या मिश्रणाने भरलेली.