स्टालिनग्राडचा पोवाडा

स्टालिनग्राडचा पोवाडा : शाहीर अण्णाभाऊ साठे (१ ऑगस्ट १९२०–१८ जुलै १९६९) यांनी १९४२-४३ च्या सुमारास रचलेला पोवाडा. दुसऱ्या महायुद्धात रशियातील व्होल्गा नदीकाठच्या एका औद्योगिक नगराने जर्मन सैन्याशी दिलेली झुंज हा त्याचा विषय होय. गड, सरदार आणि राजे यांच्या पराक्रमावर पोसलेला हा काव्यप्रकार परदेशातील कामगारवस्तीच्या रक्षणासाठी वापरला गेला, हे या रचनेचे वैशिष्ट्य असून मराठी शाहिरीच्या इतिहासात तिला त्यामुळे स्वतंत्र स्थान प्राप्त झाले आहे.

या नगराचे मूळ नाव त्सारित्सिन. १९२५ मध्ये त्याला स्टालिनग्राड हे नाव देण्यात आले व १९६१ मध्ये ते बदलून व्होल्गोग्राड करण्यात आले. १९३० मध्ये येथे ट्रॅक्टरचा प्रचंड कारखाना सुरू झाला. ‘लाल ऑक्टोबर’ हा पोलादाचा व ‘बॅरिकेड’ हा तोफांचा, असे आणखी दोन मोठे कारखाने नगराच्या उत्तर भागात नदीच्या काठाने उभे होते. युद्धकाळात ट्रॅक्टरच्या कारखान्यातून रणगाडे बाहेर पडू लागले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन विमानांनी नगरावर भीषण बाँबवर्षाव केला आणि त्याच दिवशी जर्मन रणगाडे नगराच्या उत्तरेस व्होल्गेपर्यंत येऊन थडकले. तेथे त्यांना अडविणाऱ्यांत कारखान्यांतील कामगारांची पथकेही होती. पुढे जनरल चुइकोव्ह यांच्या नेतृत्वाखालील ६२ व्या सेनेने घराघरांतून व कारखान्यांच्या ढिगाऱ्यांतून लढा चालू ठेवला. १९ नोव्हेंबर रोजी सोव्हिएट सैन्याने प्रतिचढाई सुरू केली व चार दिवसांत जर्मनांच्या सहाव्या सेनेला वेढा पडला. २ फेब्रुवारी १९४३ रोजी अखेरच्या जर्मन तुकड्यांनी शस्त्रे खाली ठेवली. सु. ९१,००० सैनिक युद्धकैदी झाले. महायुद्धाचे पारडे फिरविणारी लढाई म्हणून तिची गणना होते.

अण्णाभाऊंचा जन्म वाटेगाव (सांप्रत सांगली जिल्हा) येथे मातंग कुटुंबात झाला. शालेय शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. बालपणीच ते वडिलांसह पायी मुंबईस आले. हमाली, गिरणीतील नोकरी अशी मिळेल ती कामे त्यांनी केली आणि माटुंग्याच्या लेबर कँपमधील वास्तव्यात ते कम्युनिस्ट चळवळीशी जोडले गेले. वाचनलेखन त्यांनी बहुतांशी स्वप्रयत्नाने संपादन केले. गिरणगावातील श्रोत्यांची भाषा व त्यांचे जीवन ही त्यांच्या शाहिरीची खरी शाळा होती. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. यांपैकी अमर शेख हे मूळचे बार्शीचे. कापडगिरण्यांचे हे लहानसे गाव मराठवाड्याच्या वेशीवरच वसलेले असून बार्शी लाइट रेल्वेने ते १९११ पासून लातूरशी जोडले गेले होते.

पोवाड्याची परंपरागत घडण अण्णाभाऊंनी मोडली नाही. आरंभीचे नमन, प्रसंगानुरूप बदलणाऱ्या चाली, शाहिराच्या कथनाला साथीदारांनी ‘जी जी’ची दिलेली झील आणि मधूनमधून येणारे गद्य निवेदन हे पोवाड्याचे घटक श्रोत्यांच्या परिचयाचे होते. शिवकाळातील अफझलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा किंवा सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा यांत प्रसंग असाच उभा केला जाई. फरक आहे तो नायकाचा. जुन्या पोवाड्यात एक वीर केंद्रस्थानी असतो व सैन्य त्याच्या मागे उभे राहते. येथे नगर व त्यातील सामान्य माणसे हीच नायकपदी येतात. रणगाडे बनविणारा आणि रणगाड्यासमोर उभा राहणारा हा एकाच वस्तीतील मनुष्य आहे, ही गोष्ट दिवसपाळी-रातपाळी करणाऱ्या गिरणी कामगाराला वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती. व्होल्गाकाठची धुरांडी व परळ-लालबागची धुरांडी यांतील अंतर शाहिराने अशा रीतीने मिटविले.

या पोवाड्यामागील राजकीय पार्श्वभूमी मात्र सरळ नव्हती. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएट संघावर आक्रमण केल्यानंतर भारतीय कम्युनिस्ट पक्षाने युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानण्याची भूमिका स्वीकारली. १९४२ च्या जुलैमध्ये पक्षावरील बंदी उठली आणि पुढच्याच महिन्यात मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून ‘छोडो भारत’ आंदोलनाची हाक देण्यात आली. राष्ट्रीय नेते तुरुंगात असता ब्रिटनच्या मित्रराष्ट्राचा गौरव करणे अनेकांना रुचले नाही. कम्युनिस्टांवर राष्ट्रद्रोहाचा आरोप झाला व तो दीर्घकाळ त्यांचा पाठलाग करीत राहिला. या पोवाड्याचे मूल्यमापन करताना हा ताण दृष्टीआड करता येत नाही. स्टालिनच्या राजवटीतील दडपशाही या रचनेच्या कक्षेत येत नाही, हीदेखील तिची मर्यादा होय. परंतु ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवण्यात आले होते, त्यातील एका तरुणाने फॅसिझमचा पराभव हा आपल्या मुक्तीचाही प्रश्न मानला, यातील अर्थ पक्षाच्या धोरणापुरता मर्यादित राहत नाही.

याच काळात महाराष्ट्रातील हजारो तरुण प्रत्यक्ष रणांगणावर होते. इटलीतील मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे (१९४४) व नामदेव जाधव (१९४५) यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे यांना तो मरणोत्तर देण्यात आला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. लढाईवर गेलेल्या मुलाची वा भावाची वाट पाहणाऱ्या स्त्रिया जात्यावर ओव्या गात होत्या. ओवीतील युद्ध हे घरातील रिकाम्या जागेच्या रूपाने येते, तर पोवाड्यातील युद्ध जगाच्या भवितव्याच्या रूपाने. दोन्ही एकत्र पाहिल्यासच त्या काळातील मराठी लोकगीतांचे चित्र पूर्ण होते.

स्टालिनग्राडच्या पोवाड्यापाठोपाठ अण्णाभाऊंनी बर्लिनवर तसेच बंगालच्या दुष्काळावर रचना केल्या. नंतर तेलंगणातील शेतकऱ्यांच्या लढ्यावरही (१९४६–५१) त्यांनी पोवाडा रचला. हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याला ही रचना विशेष जवळची होती; कारण नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगणाला लागून आहे आणि निजामाची राजवट दोन्ही प्रदेशांवर सारखीच होती. नांदेड शहरातही उस्मानशाही मिलभोवती गिरणी कामगारांची वस्ती वाढली होती. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली व उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ आंदोलन झाले. १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्रामात सरहद्दीवर सशस्त्र केंद्रे उभी राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या शरणागतीने हा संग्राम संपला. या संग्रामाची प्रेरणा राष्ट्रवादी होती व तिचा स्टालिनग्राडशी थेट संबंध नव्हता. तथापि चालू घटनेवर तत्काळ पोवाडा रचावा आणि त्यात सामान्य माणसालाच योद्धा म्हणून उभे करावे, ही रीत या दशकात रूढ झाली व पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती पूर्णत्वास पोहोचली.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. त्या भेटीचे वर्णन त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकात केले आहे. त्याच वर्षी स्टालिनग्राड हे नाव नकाशावरून नाहीसे झाले. पुढे सोव्हिएट संघही १९९१ मध्ये विसर्जित झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथे अण्णाभाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या नगरीचे नाव बदलले आणि ज्या राज्याचा अस्त झाला, त्यांच्या रक्षणार्थ लढलेल्या कामगारांचे व सैनिकांचे स्मरण मराठी भाषेत या पोवाड्याच्या रूपाने टिकून राहिले आहे.