हाडाची जात कोणती?

संस्कृतात अस्थि, पालीत अट्ठि, हिंदीत हड्डी, मराठीत हाड. ग्रीक ‘ऑस्टिऑन’ हाही अस्थीच्याच कुळातला शब्द. भाषांतर सोपे आहे. पण समाजाने या शब्दात काय कोंबले, हे तपासले पाहिजे.

सोयरीक जुळवताना ‘हाड’ पाहतात. तिथे हाड म्हणजे कूळ, पर्यायाने जात. कझाक समाजात राज्यकर्त्या घराण्यांना ‘पांढरे हाड’ आणि सामान्यांना ‘काळे हाड’ म्हणत. तिबेटीत बापाकडून येणाऱ्या वंशाला हाड म्हणतात. म्हणजे जन्माची उतरंड हाडात शोधण्याची खोड जुनी आहे. भारतात मात्र तिला धर्मशास्त्राचा शिक्का मिळाला.

मुंबई इलाख्यात महारांच्या वतनी जमिनीला ‘हाडकी-हाडोळा’ म्हणत. मेलेले ढोर ओढणे हे महारांच्या गळ्यात बांधलेले काम, आणि जमिनीच्या नावातही हाडच! वतन हे इनाम नसून गुलामीचे दावे आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले.

आता पाली पाहा. खुद्दकपाठात शरीराचे ३२ भाग मोजले आहेत. त्यात अट्ठि आहे. पण उच्च हाड, नीच हाड असा भेद नाही. तथागतांच्या अस्थींना पालीत ‘धातु’ म्हणतात. त्या धातूंवरून राजे आणि गणराज्ये भांडायला उठली, तेव्हा त्यांचे आठ समान वाटे झाले, असे महापरिनिब्बानसुत्त सांगते. हे धातु जिथे ठेवले, त्या स्तूपाला श्रीलंकेत ‘दागबा’ म्हणतात. मूळ शब्द धातुगब्भ.

ज्या समाजाच्या नावे हाडकी लिहिली गेली, तोच समाज आज नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या अस्थींपुढे नतमस्तक होतो. शब्द तोच, अर्थ माणसांनी बदलला.

मग प्रश्न आपल्यालाच आहे. १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. नागभीड परिसरातून आम्ही दरवर्षी तिथे जातो, बावीस प्रतिज्ञा म्हणतो. आणि घरी स्थळ आले की बावणे, लाडवन की कोसरे, हे हळूच विचारतो! हे हाड पाहणेच झाले. पोटजात विचारणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा. सुरुवात आपल्या घरातल्या पुढच्या लग्नापासून करू.

जय भीम! नमो बुद्धाय!