क्लॅम्प
क्लॅम्प : दोन किंवा अधिक वस्तू घट्ट धरून ठेवणारे साधन. हा शब्द डच भाषेतून इंग्रजीत आला व व्यवसायपरत्वे त्याला निरनिराळे अर्थ प्राप्त झाले. सरस सुकेपर्यंत फळ्या आवळून धरणारा सुताराचा शिकंजा, रक्तवाहिनी दाबून रक्तस्राव थांबविणारा शल्यचिकित्सकाचा चिमटा व नियमबाह्य उभ्या केलेल्या मोटारीच्या चाकाला लावण्यात येणारी लोखंडी अडकण या सर्वांना हीच संज्ञा आहे. कायमची भट्टी न बांधता जळणासह रचून भाजण्यात येणाऱ्या विटांच्या ढिगालाही इंग्रजीत क्लॅम्प म्हणतात. वरील साधनांची पकड तात्पुरती असते. दगडी बांधकामातील क्लॅम्प मात्र कायमचा बसविलेला असतो.

प्राचीन ईजिप्तमध्ये चिरे सांधण्यासाठी दोन्ही टोकांना रुंद व मध्ये अरुंद असे लाकडी तुकडे वापरीत. ग्रीकांनी लोखंडी क्लॅम्पचे तंत्र परिपूर्ण केले. अथेन्स येथील पार्थेनॉन मंदिराच्या (इ. स. पू. ४४७–४३२) बांधकामात चुना नाही. लगतच्या संगमरवरी चिऱ्यांत खाचा खोदून त्यांत क्लॅम्प बसवीत व भोवती वितळलेले शिसे ओतीत. शिशामुळे लोखंड गंजत नसे आणि भूकंपाचे हादरेही काही प्रमाणात शोषले जात.

१८९४ च्या भूकंपानंतर अभियंता नीकोलाओस बालानोस यांनी १८९८–१९३३ या काळात मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्यांनी नवे लोखंडी क्लॅम्प वापरले; परंतु त्यांना शिशाचे आवरण दिले नाही. गंजताना लोखंडाचे आकारमान वाढते. त्यामुळे आतून दाब पडून अनेक चिरे तडकले व ज्या साधनाने वास्तू सांधली, त्यानेच तिला इजा पोहोचविली. प्राचीन क्लॅम्प जेथे शिशात अभंग राहिले होते, तेथे अशी हानी सहसा झाली नाही.

ग्रीक शासनाने १९७५ मध्ये अक्रॉपलिसवरील वास्तूंच्या जतनासाठी समिती नेमली. त्यानंतरच्या कामात हे लोखंड काढून टिटॅनियमचे क्लॅम्प बसविण्यात आले. हा धातू गंजत नाही व उष्णतेने त्याचे होणारे प्रसरण संगमरवराच्या प्रसरणाच्या जवळपास असते. अतिरिक्त भार आल्यास आधी धातूने हार खावी आणि दगड सुरक्षित राहावा, अशा बेताने त्याचे माप ठरविले जाते. ज्याला धरावयाचे त्याहून पकड बलवत्तर असू नये, हे जीर्णोद्धाराच्या शास्त्रातील एक महत्त्वाचे तत्त्व या अनुभवातून दृढ झाले.