मुंग्या, डास आणि निवृत्तीचे गाव

उष्ण कटिबंधाचा धडा शिकवताना ‘उष्ण, दमट आणि रोगट हवामान’ हे शब्द आपण एका दमात उच्चारून जातो. यातले पहिले दोन गुण तापमापकाने आणि आर्द्रतामापकाने तपासता येतात. रोगटपणा मोजण्याचे उपकरण मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत नसते. मग हा गुण हवेचा की आणखी कशाचा?

या प्रश्नाचा विचार करायला मध्य अमेरिकेतील पनामा हा चिमुकला देश फार सोयीचा आहे. विषुववृत्तापासून जेमतेम आठ-नऊ अंशांवरचा हा देश. आज अमेरिका-कॅनडातील कितीतरी लोक नोकरीतून निवृत्त झाल्यावर उरलेले आयुष्य काढायला हौसेने तिथे जातात. पण हाच देश एके काळी गोऱ्या माणसाचे स्मशान म्हणून ओळखला जाई. १६९८ साली तिथल्या दारियेन किनाऱ्यावर स्कॉटलंडहून वसाहत करायला गेलेल्यांपैकी बहुतेक जण दोन वर्षांच्या आत तापाने आणि उपासमारीने मेले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी तिथे फ्रेंच आले, तेव्हाही या लौकिकात फारसा फरक पडला नव्हता.

पाण्याच्या वाट्या

सुवेझ कालवा १८६९ साली पुरा करणाऱ्या फर्दिनांद द लेसेप्सने पनामातून दुसरा कालवा खणायला घेतला. १८८१ साली काम सुरू झाले. सुवेझचा प्रदेश वाळवंटी, कोरडा आणि सपाट. पनामा म्हणजे डोंगर, दलदल आणि वर्षातले आठ महिने पाऊस. सुवेझच्या यशाने आलेला आत्मविश्वास इथे घातक ठरला.

कामगारांच्या आरोग्याकडे फ्रेंचांनी दुर्लक्ष केले असे मात्र म्हणता येणार नाही. पनामा शहराजवळ आंकोनच्या टेकडीवर त्यांनी मोठे रुग्णालय बांधले. शुश्रूषेला फ्रान्सहून जोगिणी आणल्या. रुग्णांचे मन रमावे म्हणून भोवती बाग केली. बागेतली झाडे पाने कुरतडणाऱ्या मुंग्या फस्त करीत, म्हणून प्रत्येक झाडाभोवती पाण्याने भरलेले मातीचे कडे ठेवले. मुंग्या खाटांवर चढू नयेत म्हणून खाटांचे पायही पाण्याच्या भांड्यांत ठेवले. आपल्याकडे दुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तीच ही युक्ती. खिडक्यांना जाळ्या नव्हत्या, कारण हवा खेळती राहणे महत्त्वाचे मानले जाई. दलदलीतून उठणारी दूषित हवा हेच तापाचे कारण, अशी त्या काळच्या उत्तमोत्तम डॉक्टरांची समजूत होती.

परिणाम काय झाला असेल, हे आज सातवीतला मुलगाही सांगेल. साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस इजिप्ती जातीचा डास अंडी घालतो. पीतज्वराचे विषाणू हाच डास एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. रुग्ण, डास आणि डासांची पाळणाघरे अशी सगळी सोय एकाच खोलीत झाली होती. पाय मोडला म्हणून दाखल झालेला माणूस पीतज्वराने दगावू शकत होता.

गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही) की खरे कारण त्याच वर्षी सांगून झाले होते. क्यूबातील हवाना शहरात कार्लोस फिनले या डॉक्टराने १८८१ सालीच पीतज्वर डासामुळे पसरतो असा सिद्धांत मांडला होता. त्याच्याकडे पुढची जवळजवळ वीस वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही.

कालव्याचा प्रमुख अभियंता म्हणून १८८३ साली ज्यूल डिंग्लेर पनामात आला. आजारी पडतात ते दारुडे आणि बेशिस्त लोक, नीतीने राहणाऱ्याला भय नाही, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करायलाच जणू त्याने बायको, मुलगा, मुलगी आणि मुलीचा नियोजित वर यांना सोबत आणले. दीडेक वर्षात ती चौघेही मरण पावली.

बिलाचा एक डॉलर

फ्रेंच कंपनी १८८९ साली बुडाली. तोवर किती माणसे मेली? रुग्णालयाच्या दप्तरातला आकडा साडेपाच हजारांच्या आसपास आहे. पुढे अमेरिकेच्या वतीने आलेला लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस याने खरा आकडा बावीस हजारांच्या आसपास असावा असा अंदाज केला. त्याचे तर्कशास्त्र मुलांना सांगण्यासारखे आहे. रुग्णालयात ठेवलेल्या प्रत्येक मजुरामागे ठेकेदाराला दररोज सुमारे एक डॉलर भरावा लागे. म्हणून मजूर आजारी दिसला की ठेकेदार त्याला कामावरूनच काढून टाकी. असा माणूस रस्त्याच्या कडेला किंवा झोपडीत मरे आणि दप्तरात त्याची नोंदच होत नसे. मृत्युदराचा कोणताही आकडा पुढे आला, तर मोजणी कुठे झाली आणि दाराबाहेर कोण राहिले हे आधी विचारायला हवे.

गॉर्गस १९०४ मध्ये पनामात आला, तोवर विज्ञान पुढे सरकले होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी पाहिले होते. १९०० साली वॉल्टर रीडच्या पथकाने फिनलेचा सिद्धांत प्रयोगांनी खरा ठरवला. त्या आधारे गॉर्गसने १९०१ मध्ये हवाना शहर पीतज्वरमुक्त केले होते. तरीही त्याच्या वरिष्ठांना डासांमागे पैसे घालवणे म्हणजे खूळ वाटे. १९०५ मध्ये पीतज्वराची साथ आली आणि घाबरलेले अमेरिकन कर्मचारी मिळेल त्या बोटीने पळू लागले, तेव्हा कुठे नव्या मुख्य अभियंत्याने त्याला हवी ती माणसे आणि सामान दिले.

त्याने केले काय? घरे बंद करून धुरी दिली. डबक्यांवर तेल ओतले, गवत कापले, चर खणले. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पनामा शहरात नळाचे पाणी आणले. नळ आल्यावर लोकांना घरोघर पिंपे भरून ठेवण्याचे कारण उरले नाही आणि एडिस डासाची अंडी घालायची जागाच गेली. नोव्हेंबर १९०५ नंतर त्या शहरात पीतज्वराने कुणी दगावले नाही. हिवताप जास्त चिवट निघाला, कारण त्याचा ॲनॉफिलीस डास घराबाहेरच्या पाण्यात वाढतो. तरी १९०६ साली सव्वीस हजारांवर कामगारांपैकी एकवीस हजारांवर लोकांना कधी ना कधी हिवतापासाठी दाखल करावे लागले होते, ते प्रमाण १९१२ साली पन्नास हजारांत ५,६०० एवढे उतरले. या काळात पनामाचे तापमान किंवा पाऊस काही बदलला नव्हता.

हा विजय सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. अमेरिकन अमदानीत रोग आणि अपघात मिळून ५,६०९ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे साडेचार हजार बार्बाडोस, जमैका वगैरे बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. गोरे अमेरिकन साडेतीनशेच्या आसपास. जाळ्या लावलेली घरे मुख्यत्वे गोऱ्यांसाठी होती. मजुरांकडे बदलायला कोरडे कपडे नसत. पावसात भिजून तसेच दाटीवाटीच्या बराकीत झोपायचे. त्यांच्यात न्यूमोनियाने कहर केला, आणि न्यूमोनियाला काही डास लागत नाही.

पाचगणी आणि बोकेते

डासाचा शोध लागण्यापूर्वी गोऱ्यांना एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे उंचावर जाणे. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वरला आजारी गोऱ्यांसाठी ठाणे वसवले ते याच विचाराने. पण महाबळेश्वरचा पावसाळा त्यांना सोसेना. तेव्हा १८६० नंतर जॉन चेसन याच्या देखरेखीखाली जवळच पूर्वेला, पर्जन्यछायेत, पाचगणी वसवण्यात आली. निवृत्त इंग्रजांना बारा महिने राहता यावे हा तिचा एक मुख्य हेतू होता. उष्ण देशात निवृत्तांचे गाव वसवण्याचा प्रयोग असा आपल्या साताऱ्यातच होऊन गेलेला आहे! तो फारसा फळला नाही. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, मायदेश काही आठवड्यांवर आला, आणि पेन्शन घेऊन विलायतेत परतणेच बहुतेकांना बरे वाटले. पाचगणी पुढे नावारूपाला आली ती शाळांसाठी.

पनामातले बोकेते हे गाव पाहिले की पाचगणीची आठवण होते. बारू ज्वालामुखीच्या उतारावर सुमारे १,२०० मीटर उंचीवर वसलेले, भोवती कॉफीचे मळे, हवेत धुक्यासारखी भुरभुर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. किनाऱ्यावर सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतील तर इथे वीसच्या आसपास. थंडी नाही, पंखाही नको.

पनामाने १९८७ साली कायदा करून पंचावन्न वर्षांवरच्या स्त्रियांना आणि साठ वर्षांवरच्या पुरुषांना औषधे, डॉक्टरची फी, वीज, प्रवास यांत सवलती दिल्या. दरमहा किमान १,००० डॉलर आजन्म पेन्शनचा दाखला देणाऱ्या परदेशी माणसाला तिथे राहण्याचा परवाना मिळतो आणि सवलतीही मिळतात. देशात अमेरिकी डॉलरच चालतो, त्यामुळे पेन्शन बदलून घ्यायची कटकट नाही.

शरीराचा जमाखर्च

अशा स्थलांतराने तब्येत सुधारते का? जमेच्या बाजूला बरेच काही आहे. थंड देशांत उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त माणसे मरतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि बर्फावर घसरून म्हाताऱ्यांची हाडे मोडतात. बोकेतेत बाराही महिने पायी फिरता येते. दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा, त्यामुळे हिवाळी अंधारात मन खचणाऱ्यांनाही बरे वाटते.

खर्चाची बाजू वयाबरोबर वाढत जाते. म्हातारपणी तहान कमी लागते, घाम कमी येतो, त्वचेकडे रक्त वळवण्याची शक्तीही उणावते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी लवकर घटते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. म्हणजे किनाऱ्यावर घर घेणाऱ्याला वातानुकूलन यंत्र आणि त्याचे बिल आलेच. उंचीवर उकाडा टळतो, पण हवेचा थर पातळ झाल्याने दर हजार मीटरला अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. हवा गार, म्हणून ऊन सौम्य असा समज होतो. गोऱ्या त्वचेला कर्करोगाचा धोका असतो तो इथेच.

डासही परतले आहेत. मोठ्या मोहिमेनंतर पनामातून हद्दपार झालेला एडिस १९८५ मध्ये पुन्हा आढळला आणि १९९३ पासून डेंग्यू सुरू झाला. या वेळी त्याने आसरा घेतला तो टायर, कुंड्या आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत. उंचीवरच्या थंडीत तो कमी वाढतो, पण वाण्याकडे, बँकेत, विमानतळावर जायला खाली उतरावेच लागते. पीतज्वराची लस उत्तम आहे, मात्र पहिल्यांदा टोचून घेणारा साठीच्या पुढचा असेल तर गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर विचार करून ती देतात.

माझ्या मते या जमाखर्चातली सर्वांत मोठी रक्कम हवामानाची नसून अंतराची आहे. बोकेतेहून जवळचे मोठे शहर दाविद, चाळीसेक किलोमीटरवर. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेची मोठी रुग्णालये राजधानीत, काही शे किलोमीटरवर. अमेरिकेतील वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा परदेशातला खर्च सहसा देत नाही. पासष्टीला याचे काही वाटत नाही. पंच्याऐंशीला, जोडीदार गेल्यावर, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये छातीत दुखतेय म्हणून फोनवर सांगताना वाटते.

म्हणूनच ‘तिथे गेलेली माणसे किती ठणठणीत आहेत’ या जाहिरातीकडे सावधपणे पाहावे. मुळात धडधाकट माणूसच परदेशी जाण्याचे धाडस करतो. आजार बळावला की पुष्कळ जण मायदेशी परततात आणि त्यांचा मृत्यू तिथल्या खात्यात जमा होतो. उलट इंग्रजांच्या काळी आजारी माणसेच डोंगरावर पाठवली जात. तिथली दफनभूमी भरलेली दिसली तर दोष डोंगराच्या हवेला देता येणार नाही. वर्गात हे कोडे घालून पाहा, वरच्या वर्गातली मुले त्यावर बराच वेळ वाद घालतात.

बोकेतेच्या मळ्यांतली कॉफी तोडायला ङ्गोबे जमातीची कुटुंबे डोंगरापलीकडून येतात. त्यांच्या प्रदेशात, १९९७ साली आखलेल्या स्वायत्त मुलखात, अनेक वस्त्यांना नळाचे पाणी नाही आणि दवाखाना काही तासांच्या पायी वाटेवर आहे. तिथले आयुर्मान पनामाच्या राष्ट्रीय सरासरीहून कमी आहे, बालमृत्यू जास्त आहेत. कॉफीच्या हंगामात ही माणसे निवृत्तांच्या बंगल्यांच्या कुंपणालगतच्या मळ्यांत राबत असतात आणि त्याच हवेत श्वास घेत असतात.