घड्याळ बरोबर, तरी सर्व्हर आडवे

टाइम सर्व्हरवर संशय आला की आपण आधी काय बघतो? घड्याळ किती मागे-पुढे आहे ते. आजची गोष्ट अशा दिवसाची आहे, जेव्हा वेळ बरोबर पोचली आणि तरी सर्व्हर आडवे झाले.

१ जुलै २०१२, रविवार. भारतात पहाटेचे ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंद. पुढे साडेपाच वाजायच्या आधी एक जादा सेकंद आला. हाच लीप सेकंद. पृथ्वीची फिरकी अणुघड्याळाइतकी नेमकी नसते, म्हणून १९७२ पासून अधूनमधून असा सेकंद घालतात.

मशीनना हे सांगतो एनटीपी, म्हणजे डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात घडवलेला प्रोटोकॉल. त्याच्या पॅकेटमध्ये दोन बिट खास यासाठीच राखून ठेवलेत. लोकल नेटवर्कमधला टाइम सर्व्हर वरून आलेली सूचना खालच्या सगळ्या मशीनना देतो. त्याचं काम तेवढंच.

गडबड होती लिनक्स कर्नलच्या पोटात. त्याने घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण हाय-रिझोल्यूशन टायमरना कळवलंच नाही. ते सेकंदभर पुढेच राहिले. प्रोग्राम म्हणायचा, 'अर्ध्या सेकंदाने उठव.' टायमर म्हणायचा, 'वेळ झाली, ऊठ!' परत झोप, परत ऊठ. जावा आणि मायएसक्यूएल चालवणाऱ्या कित्येक मशीनचा सीपीयू १०० टक्क्यांवर गेला. रेडिट बंद पडलं. ऑस्ट्रेलियात क्वांटासचं चेक-इन अडकलं, प्रवासी ताटकळले.

सर्व्हिस रीस्टार्ट करून भागत नव्हतं, कारण दोष त्याच्या खाली होता. उतारा निघाला तो भलताच सोपा: डेट कमांडने आत्ता आहे तीच वेळ पुन्हा सेट करायची! त्या निमित्ताने कर्नल टायमरना खरी वेळ कळवतो आणि मशीन शांत होतं.

गूगलने आधीच वेगळी वाट धरली होती. जादा सेकंद एकदम न घालता काही तासांत थोडा थोडा पसरवायचा. पण एकाच नेटवर्कमध्ये असे आणि साधे सर्व्हर मिसळले, तर लीप सेकंदाच्या वेळी त्यांचं आपसात जुळत नाही.

मला यातली खरी भीती वेगळीच वाटते. एक मशीन बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं, या भरवशावर आपण सिस्टिम उभारतो. इथे सगळ्यांना एकच वेळ मिळाली, म्हणून सगळी एकाच क्षणी चुकली. त्यामुळे क्रोनीच्या ट्रॅकिंगमध्ये ऑफसेट बघून थांबू नका, शेवटची 'लीप स्टेटस'ची ओळही वाचा.

२०३५ पर्यंत लीप सेकंद थांबवायचं २०२२ मध्ये ठरलंय. तोवर ती ओळ विसरू नका. भेटूया पुढच्या भागात!